पिंपावरचे नाव

शिरगावच्या किल्ल्याच्या भिंतीत जो चुना बसला आहे त्याच्या तीन अवस्थांना आपल्या भाषेत पूर्वापार तीन नावे आहेत, आणि त्या अवस्था म्हणजे वस्तुतः तीन निरनिराळे पदार्थ होत, ही गोष्ट तो किल्ला बांधणाऱ्या गवंड्याला अनुभवाने पुरती ठाऊक होती. भट्टीतून नुकताच निघालेला, पाणी लागताच फसफसून तापणारा तो कळीचा चुना. पाणी पिऊन शांत झालेला तो विरलेला चुना. आणि दगडांच्या सांध्यांत वर्षानुवर्षे हवेतील कर्बवायू शोषून जो पुन्हा दगडाच्याच जातीचा होतो तो चुनखडीचा सगोत्र. १७३९च्या आरंभी, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत, माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या अंमलाखाली आली, तेव्हा त्या भिंतींवर जी तोफांची दारू खर्ची पडली तिच्यातील सोरा, गंधक आणि कोळसा यांचीही नावे अशीच बाजारात आणि दारूखान्यात रुळलेली होती. रसायनशास्त्रज्ञ मात्र त्या चुन्यास कॅल्शियम ऑक्साइड, कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम कार्बोनेट असे म्हणतो, आणि सोऱ्यास पोटॅशियम नायट्रेट. ही नावे उच्चारायला जड आहेत, त्यांत कळीच्या चुन्यातला ताव नाही आणि सोऱ्यातला तिखटपणा नाही, हे कबूल करून टाकतो. परंतु ज्याने तो पदार्थ जन्मात पाहिलेला नाही अशा माणसालादेखील केवळ नावावरून त्याची घडण सांगता यावी, ही जी कामगिरी त्यांच्यावर सोपविली आहे, ती जुन्या नावांपैकी एकालाही झेपण्यासारखी नव्हती.

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, टाकणखार, शेंदूर, मुरदाडशिंग, हिंगूळ, हरताळ, मनशीळ आणि सोमल ही मंडळी शेजारी शेजारी डब्यांत नांदत असत. या नावांत रंग आहे, चव आहे, व्यापाराचा माग आहे. नाही तो फक्त घटकांचा तपशील. मोरचूद आणि हिराकस ही सख्खी चुलत भावंडे आहेत, एकात तांबे तर दुसऱ्यात लोखंड, आणि दोहोंचा उरलेला अंश गंधकाम्लाकडून आलेला, हे त्यांच्या नावांवरून कोणत्याही शहाण्याला ओळखता येणार नाही. उलट कॉपर सल्फेट आणि फेरस सल्फेट म्हणताच ते नाते आपोआप उघड होते. पण खरा घोटाळा रसकापुरात आहे. या एका नावाखाली कधी पाऱ्याचा एक क्लोराइड, कधी दुसरा आणि कधी दोहोंचे मिश्रण विकले गेले. त्यांपैकी पहिला, ज्यात पाऱ्याच्या दोन अणूंमागे क्लोरीनचे दोन अणू असतात, तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि वैद्य व डॉक्टर दोघेही तो एके काळी रेचक म्हणून देत. दुसरा, ज्यात पाऱ्याच्या एकाच अणूमागे क्लोरीनचे दोन अणू असतात, तो पाण्यात विरघळतो आणि अल्प मात्रेतही प्राण घेतो. दोन्ही पांढरे, दोन्ही जड, दोन्ही पाऱ्याचे. पुडीवरील नावात अणूंचे प्रमाण लिहिण्याची सोय नसली म्हणजे मामला कोठवर जातो, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

ही सोय करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १७८७ साली पॅरिसमध्ये झाला. ग्वीतों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्रवा या चौघांनी मिळून रासायनिक नामकरणाची जी पद्धती प्रसिद्ध केली तिचे सूत्र इतकेच होते की संयुगाचे नाव त्याच्या घटकांवरून पडावे, शोधकर्त्याच्या, गावाच्या किंवा ग्रहाच्या नावावरून पडू नये. लाव्हाझिए हा राजाच्या करवसुलीचा एक इजारदार होता, आणि ह्याच इजारदारीपायी पुढे १७९४ साली त्याला गिलोटिनखाली जावे लागले. हिशेबाच्या वहीत आवक आणि जावक जुळलीच पाहिजे हा जो शिरस्ता तो खजिन्यात पाळीत असे तोच त्याने प्रयोगशाळेत आणला, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्याच्या पद्धतीत एक चूकही शिरली होती. प्रत्येक आम्लात प्राणवायू असतोच असे तो मानी, आणि म्हणून मिठापासून निघणाऱ्या आम्लाला आणि क्लोरीन वायूला त्या मंडळींनी प्राणवायूची जोड फुकट बहाल केली. ती १८१० साली हम्फ्री डेव्हीने काढून घेतली, आणि क्लोरीन हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे, मिठाच्या आम्लात त्याच्या जोडीला केवळ हायड्रोजन आहे, असा निवाडा दिला. पुढे थोड्याच वर्षांत स्वीडनच्या बर्झेलियसने मूलद्रव्यांना त्यांच्या लॅटिन नावांची आद्याक्षरे देऊन सूत्रलेखनाची आजची रीत घालून दिली. सोडियमला एनए आणि लोखंडाला एफई का म्हणतात, या प्रत्येक विद्यार्थ्याला पडणाऱ्या कोड्याचे उत्तर त्या लॅटिन नावांत आहे.

सूत्र हा एका अर्थी सातबाऱ्याचा उतारा आहे: जमिनीत कोणाकोणाचा हिस्सा आणि किती, एवढेच तो सांगतो. नाव त्या उताऱ्यावरून वाचायचे असते. धातू असेल तर तो आधी, आणि त्याचे नाव जसेच्या तसे. नंतर अधातू, आणि तो एकटाच असेल तर त्याच्या नावाला शेवटी 'आइड' लागते. एनएसीएल म्हणून सोडियम क्लोराइड, सीएओ म्हणून कॅल्शियम ऑक्साइड. धातूची संयुजा ठरलेली असली म्हणजे किती अणू हे नावात सांगण्याची गरज पडत नाही. ॲल्युमिनियम तीन देतो, ऑक्सिजन दोन घेतो, तेव्हा दोन ॲल्युमिनियम आणि तीन ऑक्सिजन असल्याखेरीज हिशेब मिटणारच नाही, आणि नाव नुसते ॲल्युमिनियम ऑक्साइड ठेवले तरी वाचणारा सूत्र बिनचूक लिहितो. दोन्ही अधातू असले म्हणजे मात्र असा भरवसा उरत नाही. कार्बन आणि ऑक्सिजन एकास एक प्रमाणातही मिळतात आणि एकास दोन प्रमाणातही. पहिल्याने बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, दुसरा आपण दर श्वासाला बाहेर टाकतो. म्हणून तेथे मोनो, डाय, ट्राय, टेट्रा ही ग्रीक संख्यावाचके बोलून दाखवावीच लागतात.

इथपर्यंतचा भाग शाळेत पाठ होतो आणि बहुधा लक्षातही राहतो. गाडी अडते ती जेथे गंधक, नायट्रोजन किंवा क्लोरीन यांसारख्या अधातूबरोबर ऑक्सिजनही येऊन बसतो तेथे, आणि मघाच्याच तारापूरजवळच्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा दिवस जातो त्यांच्यासाठी नेमका हाच भाग पुस्तकापुरता राहत नाही. तारापूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत रंग, रंगांची मध्यवर्ती द्रव्ये, औषधी द्रव्ये आणि कापडप्रक्रिया यांचे कारखाने दाटीने उभे आहेत, आणि अशा कारखान्यांच्या गोदामात सोडियम व गंधक यांची तीन संयुगे एकाच छपराखाली सापडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. सोडियमचे दोन अणू आणि गंधकाचा एक, म्हणजे एनए-टू-एस, हा सोडियम सल्फाइड. त्यात ऑक्सिजनचे तीन अणू मिळविले की एनए-टू-एसओ-थ्री, हा सोडियम सल्फाइट. आणखी एक अणू वाढला की एनए-टू-एसओ-फोर, हा सोडियम सल्फेट. आइड, आइट, एट: फरक एका अक्षराचा, आणि तोही शब्दाच्या शेपटाला, जेथे यंत्रांच्या गोंगाटात ओरडून सांगितलेला शब्द हमखास तुटतो आणि मळक्या चिठ्ठीवरचे अक्षर हमखास पुसते. आता या तिघांवर आम्ल ओतल्यास काय होते ते पाहू. सल्फेटाचे काहीच होत नाही. तो निरुपद्रवी गृहस्थ रंगाई करताना कापडावर रंग चढावा म्हणून द्रोणीत टाकतात आणि रंगाची भुकटी ठराविक प्रतीची करण्यासाठी तिच्यात मिसळतात. सल्फाइटापासून सल्फर डायऑक्साइड सुटतो, ज्याने घसा जळतो, डोळ्यांना धारा लागतात, आणि माणूस आपोआप दाराकडे पळतो. सल्फाइडापासून सुटतो हायड्रोजन सल्फाइड. हा वायू प्रारंभी सडक्या अंड्यासारखा घाणेरडा येतो खरा, परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करून टाकतो. वास थांबला म्हणजे धोका टळला अशा समजुतीने माणूस थांबतो, पुढचा कोसळतो, आणि त्याला ओढून काढायला धावलेला दुसराही त्याच्या शेजारी पडतो. सांडपाण्याच्या टाक्यांत आणि रासायनिक भट्ट्यांत जे अपघात होतात त्यांत ही दुसऱ्या माणसाची हकीकत पुनःपुन्हा वाचायला मिळते. म्हणून 'आइड' आणि 'एट' यांच्यातील भेद हा व्याकरणाचा विषय आहे असे जे कोणी म्हणेल त्याने एकदा गोदामाची यादी स्वतः लिहून पाहावी.

क्लोरीनची शिडी याहून उंच आहे. त्याच्या जोडीला ऑक्सिजनचा एक अणू असला तर हायपोक्लोराइट, दोन असले तर क्लोराइट, तीन असले तर क्लोरेट, चार असले तर परक्लोरेट. 'हायपो' म्हणजे खालचा, 'पर' म्हणजे वरचा. मधल्या दोन पायऱ्यांना आइट आणि एट पुरले, कडेच्या दोघांसाठी उपसर्ग लावावे लागले. आम्लांची नावे ह्याच पायऱ्यांवरून उतरतात: एटचे आम्ल इक, आइटचे आम्ल अस, म्हणजे सल्फेट तर सल्फ्युरिक आणि सल्फाइट तर सल्फ्युरस; आणि ज्या आम्लात ऑक्सिजनच नाही त्याच्या मागे 'हायड्रो' येतो, जसा हायड्रोक्लोरिक.

इतकी नीटनेटकी व्यवस्था झाल्यावर जुन्या चुका निमूट बाजूला होतील अशी अपेक्षा असते. ती फोल आहे. कापडाच्या धंद्यात 'हायड्रो' किंवा 'हायड्रोज' म्हणून जी पांढरी भुकटी खपते, आणि गुऱ्हाळात गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून जिचा अवैध वापर होतो, तिचे व्यापारी नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. पण तिच्या सूत्रात सोडियम दोन, गंधक दोन, ऑक्सिजन चार, आणि हायड्रोजन एकही नाही. शास्त्र तिला सोडियम डायथायोनाइट म्हणते. हे बरोबर नाव बाजारात मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. ओल लागली तर ती स्वतःहून तापून पेटू शकते, ही गोष्ट तिच्या खऱ्या वा खोट्या कोणत्याच नावात लिहिलेली नसते. 'हायपो' या लाडक्या नावाची कथा तर याहून विलक्षण आहे. जॉन हर्शेलने १८१९ साली ज्या क्षाराचा चांदीची संयुगे विरघळविण्याचा गुण दाखविला, आणि ज्याने पुढे छायाचित्रकलेला स्थायी चित्र मिळवून दिले, त्याला तेव्हा हायपोसल्फाइट म्हणत; ते नाव चूक होते, आज तो सोडियम थायोसल्फेट आहे, परंतु जुन्या फोटो स्टुडिओंतून तो शेवटपर्यंत हायपोच राहिला. दुसरीकडे रुग्णालयात फरशी पुसणारे आणि नळपाणी योजनेवरचे कामगार ज्याला हायपो म्हणतात तो सोडियम हायपोक्लोराइट. एक क्लोरीन देणारा, तर दुसरा क्लोरीन मारणारा. पाण्यात क्लोरीन अधिक पडला तर तो नाहीसा करण्यासाठी थायोसल्फेटच घालतात. परस्परांचे हाडवैरी असलेले दोन पदार्थ एकाच टोपणनावाने वावरत आहेत, आणि कोणता हायपो हवा ते विचारायची तसदी विकणारा घेईलच याची हमी कोणी द्यावी?

धातूंमध्येही असे बहुरूपी आहेत ज्यांची संयुजा एक ठरलेली नाही. हिराकशीतले लोखंड दोन देते, गंजातले तीन. जुन्या रीतीने पहिल्याला फेरस आणि दुसऱ्याला फेरिक म्हणत, पण कोणत्या धातूचा 'अस' म्हणजे एक, कोणाचा दोन आणि कोणाचा तीन हे प्रत्येकाचे वेगळे पाठ करावे लागे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक याने १९१९ साली सुचविले की ही मखलाशी सोडून धातूच्या नावापुढे कंसात आकडाच लिहावा, जो आज रोमन अंकांत लिहितात: आयर्न दोन सल्फेट, आयर्न तीन ऑक्साइड, पारा एक क्लोराइड आणि पारा दोन क्लोराइड. रसकापुराचा तंटा ह्या एका आकड्याने मिटला. आणि दैवाचा खेळ असा की ज्याने पाऱ्याला आकडा दिला तो स्टॉक स्वतः प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने वर्षानुवर्षे आजारी होता, आणि १९२६ साली त्याने त्या वाफेच्या धोक्याविषयी आपल्या प्रकृतीच्याच आधारे जाहीर लेख लिहिला. शेंदूर मात्र स्टॉकच्या आकड्यात नीट मावत नाही. त्यात शिशाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. दोन शिसे दोन देणारी आणि एक चार देणारे, सरासरी काढली तर अपूर्णांक येतो. तेथे पुन्हा संख्यावाचकांना शरण जाऊन ट्रायलेड टेट्रॉक्साइड म्हणावे लागते.

ह्या रोमन आकड्याचा सर्वांत मोठा मान बोईसरपासून काही मैलांवर, समुद्राकाठी राखला जातो. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, आणि त्याच्या भट्ट्यांत जे इंधन जळते, म्हणजे खरे तर फुटते, ते युरेनियम डायऑक्साइड, स्टॉकच्या भाषेत युरेनियम चार ऑक्साइड. १९७०च्या दशकात तेथेच, वापरून झालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा पुनर्प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला. इंधन नायट्रिक आम्लात विरघळविल्यावर युरेनियम सहाच्या आणि प्लुटोनियम चारच्या अवस्थेत असते, आणि या दोघांना ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाचे तेलकट द्रव्य आपल्याकडे ओढून घेते. मग प्लुटोनियमचा आकडा चारावरून तीनावर उतरविला की त्याची त्या तेलातली जागा जाते आणि ते मुकाट्याने पाण्यात परत येते, युरेनियम मागे राहते. कंसातला एक आकडा चाराचा तीन झाला, एवढ्यावर अख्ख्या कारखान्याची मांडणी उभी आहे. नामकरणाचे नियम केवळ कारकुनी सोयीसाठी असतात अशी ज्यांची समजूत आहे त्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

मराठीत या विद्येचे दप्तर उघडणाऱ्यांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक हे अग्रणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी रसायनासह अनेक शास्त्रांवर मराठी ग्रंथ लिहिले. त्यानंतर संस्कृत धातूंवरून मूलद्रव्यांना नावे घडविण्याचे प्रयत्न बरेच झाले, पण १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण स्वीकारले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. तरी तीन जुने शब्द शेतकऱ्याच्या तोंडी टिकून राहिले: नत्र, स्फुरद आणि पालाश. घोलवडच्या चिकूवाडीत किंवा शिरगावच्या भातशेतीत खताचा हिशेब आजही याच तीन शब्दांत होतो. गंमत अशी की खताच्या पोत्यावरचे आकडे त्यांच्याशी प्रामाणिक नाहीत. डायअमोनियम फॉस्फेटच्या पोत्यावर १८ आणि ४६ लिहिलेले असते. त्यांतला १८ हा नत्राचा खरा टक्का, पण ४६ हा स्फुरदाचा नव्हे, तर फॉस्फरसच्या पेंटॉक्साइडचा, म्हणजे दोन फॉस्फरस आणि पाच ऑक्सिजन असलेल्या अशा संयुगाचा, जे त्या पोत्यात कणभरही नसते. जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी क्षारांचा हिशेब ऑक्साइडांत मांडला, आणि ती वहिवाट खतांच्या जमाखर्चात कायम राहिली. ५० किलोच्या पोत्यात शुद्ध फॉस्फरस पाहाल तर तो जेमतेम १० किलो भरतो. पालाशचीही तीच कथा. पोत्यात असतो क्लोराइड आणि बाहेर लिहिलेला असतो ऑक्साइड.

नाव बरोबर असूनही अपुरे पडते, असाही एक प्रसंग उरतो, आणि तो बोईसरच्या रस्त्यावरच पाहता येतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर त्या मालाचे बिनचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहावे लागते, आणि त्याच्या जोडीला संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला वर्गाचा आकडा व चिन्ह. त्याच यादीत प्रत्येक मालाला स्वतंत्र चार आकडी क्रमांकही आहे, आणि नावाच्या जोडीला क्रमांक कशाला हवा, ते गंधकाम्लावरून समजते. एच-टू-एसओ-फोर हे सूत्र तीव्र आम्लाचेही तेच आणि सौम्य आम्लाचेही तेच. यादीत मात्र ५१ टक्क्यांहून अधिक आम्ल असेल तर १८३०, त्याहून अधिक नसेल तर २७९६, आणि ज्यातून धूर निघतो तो ओलियम असेल तर १८३१. टँकर उलटल्यावर पाणी मारावे की माती टाकावी हे ठरविणाऱ्या बंबवाल्याला सूत्रापेक्षा हा क्रमांक अधिक उपयोगी पडतो. मघाचा सोडियम सल्फाइड तर या बाबतीत फारच बोलका आहे. निर्जल असेल, किंवा त्याच्या स्फटिकांत ३० टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर त्याचा क्रमांक १३८५, वर्ग स्वतःहून पेट घेणाऱ्या पदार्थांचा. यादीत त्याच्या लगेच आधी, १३८४ वर, तो हायड्रोजनविरहित 'हायड्रो' उभा आहे. तोच सल्फाइड ३० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी धरून असला की त्याचा क्रमांक १८४९ होतो आणि तो नुसता दाहक पदार्थांत मोडतो. मोरचुदाच्या नावापुढे पेंटाहायड्रेट आणि हिराकशीच्या नावापुढे हेप्टाहायड्रेट लिहून स्फटिकातले पाणी मोजण्याची सोय नामकरणाने केव्हाच करून ठेवली आहे. परंतु कारखान्यात येणाऱ्या पिवळट पापुद्र्यांच्या गोणीत पाण्याचे रेणू असे पूर्ण संख्येत मोजून बसलेले नसतात, आणि म्हणून गोणीवर सोडियम सल्फाइड एवढ्या नावाखाली टक्केवारीही छापावी लागते.